आधी हिशेब, मग मत



आपल्या गल्लीतल्या नळाला पाणी केव्हा येते, हे घरातले शेंबडे पोरही सांगते. परंतु ते पाणी शुद्ध करणे, गटारी उपसणे, डासांवर फवारणी करणे आणि कचरा उचलणे यांवर आपल्या गावात गेल्या वर्षी किती रुपये खर्च झाले, हे या मांडवातले किती जण सांगू शकतील? मी हात वर करा म्हणणार नाही, कारण माझा स्वतःचा हात खालीच राहील.

आजचा विषय याच अज्ञानातून निघाला आहे. लोकांच्या आरोग्यासाठी म्हणून जो सार्वजनिक पैसा खर्च होतो, तो कोणत्या कामावर खर्च व्हावा हे ठरविताना नागरिकांनी थेट मत द्यावे काय, आणि द्यावयाचे तर कोणत्या रीतीने? निवडणुकीत आपण माणसाला मत देतो. येथे ज्या मताची गोष्ट चालली आहे ते कामाला द्यावयाचे मत आहे. माणसाला दिलेले मत पाच वर्षे परत घेता येत नाही. कामाला दिलेल्या मताचे काय झाले, हे मात्र वर्षाच्या आत डोळ्यांना दिसू शकते. म्हणून हे मत लहान असले तरी हलके नाही.

प्रथम आरोग्याचा पैसा म्हणजे काय ते पाहू. आरोग्य म्हटले की आपल्यापुढे डॉक्टर, सुई आणि सलाइनची बाटली उभी राहते. आपल्यापासून फार दूर नसलेल्या जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य काम करावयास आले, तेव्हा तेही डॉक्टरकीच घेऊन आले होते. परंतु खेड्यातल्या माणसांशी बोलणे झाल्यावर त्यांना कळून आले की, लोकांची पहिली गरज पाणी आणि अन्न ही आहे. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. विंधनविहिरी घेतल्या गेल्या, गावातल्याच बायका शिकून गावच्या आरोग्यसेविका झाल्या, आणि जामखेडचे नाव जगात गेले. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. यातला धडा असा की, आरोग्यासाठी काय हवे असे लोकांना खरोखर विचारले तर उत्तर पुष्कळदा दवाखान्याच्या बाहेरचे येते. न विचारता खर्च केला तर पैसा दवाखान्याच्या रंगरंगोटीला जातो आणि हगवण पाण्यातून येतच राहते.

हा पैसा एकाच थैलीत नसतो, हेही समजून घेतले पाहिजे. पिण्याचे पाणी, गटारे, सफाई, सार्वजनिक संडास ही पहिली थैली नगरपरिषदेची. आपला नगरपरिषदांचा कायदा १९६५ सालचा आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची घटनेस जोडली, तिच्यातल्या अठरा विषयांत सार्वजनिक आरोग्य आणि सफाई यांची नोंद आहे. दुसरी थैली राज्य सरकारची. मोठी सरकारी रुग्णालये तिच्यातून चालतात. तिसरी जिल्हा परिषदेची. इटकूर, मोहा, येरमाळ्याकडच्या खेड्यापाड्यांतली आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे ही तिच्या कारभारातली. या तिसऱ्या थैलीत २००५ पासून केंद्र सरकारच्या ग्रामीण आरोग्य अभियानाचा पैसा येऊ लागला. त्या अभियानाच्या मूळ आराखड्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राला वर्षाला २५ हजार रुपये बंधनमुक्त निधी, ५० हजार देखभालीसाठी आणि १ लाख रुग्ण कल्याण समितीसाठी ठेवलेले होते. गावच्या आरोग्य समितीला वर्षाला १० हजार. बंधनमुक्त म्हणजे वरून मथळा न लावलेला पैसा. कशावर खर्चावा हे तेथल्या तेथे ठरवावयाचे. रक्कम लहान, परंतु कल्पना मोठी होती. सरकारने प्रथमच कबूल केले की, इटकूरला काय हवे ते इटकूरला मुंबईपेक्षा जास्त कळते.

आता मताकडे वळू. नागरिकांनी पैशाविषयी मत द्यावयाचे म्हणजे तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली हिशेब, दुसरी मागणी आणि तिसरी प्रत्यक्ष मतदान. महाराष्ट्राची गंमत अशी की, या तिन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत. पण त्या तीन ठिकाणी सुट्या सुट्या पडल्या आहेत. एकेक पाहू.

मागणी पुण्यात आहे. पुणे महानगरपालिकेने २००६ साली नागरिकांच्या सहभागाचे अंदाजपत्रक सुरू केले. नागरिकाने क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एक अर्ज भरावयाचा आणि आपल्या भागात कोणते लहान काम व्हावे ते सुचवावयाचे. एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. ही चाल चांगली आहे. पण अर्ज करणे निराळे आणि मत देणे निराळे. आलेल्या अर्जांतून कोणती कामे घ्यावयाची हे प्रभाग समिती ठरविते. अर्ज देणाऱ्याला तेथे मत नाही. शिवाय अर्ज कोण भरतो? ज्याला कार्यालयात जाण्यास सवड आहे आणि लेखणी हाताशी आहे तो. म्हणून या यादीत पदपथ, दिवे, बाके यांची गर्दी होते. काचपत्रा वेचणाऱ्या बायांसारखी कष्टकरी माणसे संघटना करून, एकमेकींचे हात धरून त्या कार्यालयात गेली, तेव्हाच त्यांच्या गरजा कागदावर उमटल्या.

हिशेब आपल्या स्वतःच्या जिल्ह्यात होऊन गेला आहे, आणि हे आपल्यापैकी पुष्कळांच्या गावीही नाही. २००७ साली आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचा प्रयोग महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांत प्रथम सुरू झाला. पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि पाचवा आपला उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनचा धाराशिव. त्यात गावातलीच माणसे एकत्र बसून आरोग्य सेवेची तपासणी करीत. नर्सबाई ठरल्या दिवशी येतात काय, औषधे मिळतात काय, पैसे मागितले जातात काय, अशा प्रश्नांची उत्तरे जमा करून त्यांना रंग दिले जात. चांगल्याला हिरवा, मध्यमाला पिवळा, वाईटाला लाल. हा तक्ता ज्याला अक्षर येत नाही त्यालाही वाचता येई. मग जनसुनवाई. एका बाजूला गावकरी, दुसऱ्या बाजूला अधिकारी, आणि मध्ये तो तक्ता. अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष उत्तर द्यावे लागे. पुढे या कामाच्या नावात 'देखरेख' शब्दाला 'नियोजन' हा शब्द जोडला गेला, आणि तो आपोआपच जोडला गेला असे मला वाटते. ज्याने एकदा हिशेब पाहिला तो पुढच्या वर्षीच्या खर्चाविषयी बोलल्याशिवाय राहत नाही.

आणि मतदान? तेही आरोग्याच्याच एका प्रश्नावर आपण महाराष्ट्रात करतो. मी दारूच्या दुकानाविषयी बोलतो आहे. २००८ च्या सरकारी आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा प्रभागातल्या महिला मतदारांच्या चौथाई भागाने अर्ज केला, तर गुप्त मतदान घेता येते. मतपत्रिकेवर दोन चित्रे, उभी बाटली आणि आडवी बाटली. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकींनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद. लक्षात घ्या, मतदानाला आलेल्यांच्या निम्म्या नव्हे, यादीत असलेल्या सर्वांच्या निम्म्याहून अधिक. इतकी कठीण अट घालूनही गावोगावच्या बायकांनी बाटल्या आडव्या केल्या आहेत. तेव्हा 'आपल्या लोकांना असल्या गोष्टी झेपणार नाहीत' असे कोणी म्हणाले, तर त्याला ही बाटली दाखवावी.

हे तिन्ही एकत्र बांधले तर काय होते? त्यासाठी जरा दूर, ब्राझील देशातल्या पोर्तो अलेग्री या शहराकडे जावे लागेल. तेथे १९८९ साली कामगारांच्या पक्षाची सत्ता नगरपालिकेत आली. तिजोरीत पैसा थोडा, आणि झोपडपट्ट्यांत पाणी नाही, सांडपाण्याचे नळ नाहीत. त्यांनी शहराचे सोळा विभाग पाडले. दरवर्षी प्रत्येक विभागात उघडी सभा होई. सभेचे पहिले काम मागणी हे नसे. गेल्या वर्षी ठरलेल्या कामांपैकी कोणती झाली, कोणती राहिली आणि का राहिली, हे नगरपालिकेने सांगावयाचे, हे पहिले काम. त्यानंतर लोकांनी कामांचा क्रम लावावयाचा आणि आपले प्रतिनिधी निवडावयाचे. पैसे वाटताना तीन गोष्टी मोजल्या जात. विभागाची लोकसंख्या किती, लोकांनी त्या कामाला कोणता क्रम दिला, आणि त्या विभागात ती सोय किती कमी आहे. ज्या वस्तीत गटार मुळीच नाही, तिच्या मागणीचे वजन गटार असलेल्या वस्तीच्या मागणीहून अधिक.

परिणाम काय झाला? १९८८ साली त्या शहरातल्या शंभरांतल्या सुमारे ७५ घरांना पाण्याची व सांडपाण्याची जोडणी होती. १९९७ पर्यंत हा आकडा ९८ वर गेला. पुढे ब्राझीलमधल्या अनेक नगरपालिकांनी ही पद्धत उचलली. १९९० ते २००४ या काळातल्या नगरपालिकांची तुलना करणारा अभ्यास नंतर प्रसिद्ध झाला. जेथे ही पद्धत आली तेथे आरोग्य आणि स्वच्छता यांवरचा खर्चाचा वाटा वाढला, आणि तान्ह्या मुलांचे मृत्यू कमी झाले, असे त्यात दिसून आले. पोर्तो अलेग्रीत २००४ च्या निवडणुकीत तो पक्ष हरला, आणि पुढल्या राजवटींत ही पद्धत क्षीण होत गेली. यातूनही शिकण्यासारखे आहे. जी गोष्ट एका पक्षाच्या मर्जीवर उभी असते ती त्या पक्षाबरोबर बसते. म्हणून ती नागरिकांच्या सवयीत रुजली पाहिजे.

आता आपल्या गावाकडे येऊ. येथे एक विलक्षण गोष्ट आहे. इटकूरच्या मनुष्याला कायद्याने ग्रामसभा आहे. वर्षातून किमान चार वेळा ती भरलीच पाहिजे. तिच्या आधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे. मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांत जी संख्या कमी असेल तितकी माणसे हजर पाहिजेत. गावची आरोग्य समिती आहे, तिला थोडा का होईना निधी आहे. उलट मोठ्या शहरांचे पाहा. तीन लाखांवर वस्ती असलेल्या शहरांना घटनेनेच वॉर्ड समित्या दिल्या आहेत. २०१३ साली शहरी आरोग्य अभियान आले, त्यात वस्तीवस्तीतून महिला आरोग्य समित्या निघाल्या आणि त्यांना वर्षाला ५ हजार रुपये ठरले. परंतु ते अभियान आखताना पन्नास हजारांवर वस्तीची गावे आणि जिल्ह्याची ठिकाणे एवढीच धरली होती. कळंब खेडेही नाही आणि पन्नास हजारांचे शहरही नाही. म्हणजे खेड्याची सभा आपण गमावली, आणि शहराची समिती आपल्याला मिळाली नाही. इटकूरचा शेतकरी ग्रामसभेत उभा राहून ग्रामसेवकाला हिशेब विचारू शकतो. तोच शेतकरी मुलांच्या शिक्षणासाठी कळंबला बिऱ्हाड करून राहिला की त्याच्या हाती पाच वर्षांतून एक मत उरते. आणि तेही नेहमी असते असे नाही. राज्यातल्या पुष्कळ नगरपरिषदांच्या मुदती २०२१ च्या अखेरीस संपल्या आणि निवडणुका २०२५ च्या डिसेंबरात झाल्या. मधली चार वर्षे प्रशासक. त्या काळात गटार तुंबले तर अर्ज करता येई; पण मत मागावयास कोणी दारी आले नाही.

ग्रामसभा म्हणजे स्वर्ग आहे, असे मी म्हणत नाही. गणपूर्ती झाली नाही म्हणून सभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, आणि मग पाचपन्नास माणसांच्या सह्यांवर साऱ्या गावाचा ठराव होतो, हे आपण सर्व जाणतो. तरीही दार असणे आणि दार मुळीच नसणे यांत फरक आहे. बंद दार ठोठावता तरी येते.

येथे कोणी म्हणेल, दार उघडले, मतपेटी ठेवली, म्हणजे न्याय झाला. मीही एकेकाळी असेच समजत होतो. माझी चूक सांगतो, कारण ती या विषयाच्या अगदी मुळाशी जाते. काही वर्षांपूर्वी एका बाजारपेठेत आमच्या संघटनेचा थोडा कल्याण निधी शिल्लक पडला. तो आरोग्यासाठी खर्चावा असे ठरले, आणि कशावर हे सभासदांनीच मत देऊन ठरवावे असा आग्रह मी धरला. दोन सूचना आल्या. हमालांनी सांगितले, पोती वाहून पाठी गेल्या आहेत, शहरातून डॉक्टर आणून तपासणी शिबिर घ्या. धान्य चाळणाऱ्या आणि झाडणाऱ्या बायांपैकी एक मावशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दादा, आम्ही सकाळी घरून निघालो की संध्याकाळपर्यंत पाणी पीत नाही. प्यालो तर जायचं कुठं?" त्यांना मुतारी हवी होती. सभा जराशी हसली. मी हात मोजले. हमाल शंभरावर, बाया वीस-बावीस. शिबिर मंजूर झाले. मी सभेचे अभिनंदन केले आणि लोकशाहीवर चार वाक्ये बोललो.

शिबिर झाले. डॉक्टरांनी त्या बायांना तपासले, आणि निम्म्याअधिक जणींना लघवीच्या जागी आग होण्याचा त्रास निघाला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर सल्ला दिला, भरपूर पाणी पीत जा. त्या मावशींनी माझ्याकडे नुसते पाहिले. त्या पाहण्याला मला आजतागायत उत्तर सापडलेले नाही. मतदान नियमाप्रमाणे झाले होते, मोजणीत चूक नव्हती. चूक अशी होती की, मत घेण्यापूर्वी कोणाला काय त्रास आहे याचा हिशेब आम्ही मांडलाच नव्हता. हमालांना त्या बायांचे दुःख ठाऊक नव्हते. ते वाईट नव्हते. पुढच्या वर्षी आम्ही उलट्या क्रमाने गेलो. आधी बायांची वेगळी बैठक घेतली, त्यांचे म्हणणे सर्वांपुढे वाचून दाखविले, प्रत्येक कामाचा खर्च फळ्यावर लिहिला आणि मग चिठ्ठ्या टाकल्या. त्याच हमालांनी मुतारीला मते दिली.

म्हणून मी म्हणतो, आधी हिशेब, मग मत. आणि हिशेब दोन प्रकारचा. एक रुपयांचा आणि एक दुःखाचा. रुपयांचा हिशेब अधिकाऱ्याजवळ असतो. दुःखाचा हिशेब जो भोगतो त्याच्याजवळ. दोन्ही फळ्यावर आल्याशिवाय घेतलेले मत म्हणजे बहुसंख्येची शिरगणती.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सर्वच गोष्टी मताला टाकावयाच्या नसतात. सर्पदंशाची लस, बाळंतिणीची गाडी, लहान मुलांचे लसीकरण, सफाई कामगाराचा पगार आणि त्याचे हातमोजे हे हक्क आहेत. सर्प चावलेले गावात किती निघणार? शंभरांत एकही नाही. मतदान घेतले तर लस हरेल आणि रस्त्यावरचा दिवा जिंकेल. सरकारचे जे कर्तव्य आहे ते नागरिकांच्या पसंतीवर ढकलण्याची युक्ती कोणी काढली तर तिला साफ नकार द्यावा. कर्तव्य पुरे झाल्यानंतर जेथे खरोखर निवड करावयाची असते, तेथेच मत शोभते. कोणत्या गल्लीचे गटार आधी झाकावयाचे, संडास कोठे बांधावयाचे, फवारणी कोठून सुरू करावयाची, बाजारात पिण्याच्या पाण्याची सोय कोठे हवी, हे ते प्रश्न.

मग कळंबात काय करता येईल? कायदा बदलण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. नगरपरिषदेने मनावर घेतले तर स्वतःच्या ठरावाने अंदाजपत्रकातली एक लहान रक्कम नागरिकांच्या निवडीसाठी बाजूला ठेवण्यास तिचे हात कोणी बांधलेले नाहीत. क्रम असा असावा. सरकारी वर्ष एप्रिलला सुरू होते, म्हणजे अंदाजपत्रक हिवाळ्यातच शिजते. आपण वसंतात व्याख्याने ऐकून जागे होतो, तोवर ताटे वाढून झालेली असतात. तेव्हा दिवाळीनंतर लगेच प्रत्येक प्रभागात गेल्या वर्षाच्या आरोग्य खर्चाचा तक्ता लागावा, मोठ्या अक्षरांत, आणि आपल्या जिल्ह्याने पूर्वी वापरलेल्या त्याच तीन रंगांत. मग प्रभागाची सभा, पण आधी महिलांची. सभेची वेळ संध्याकाळची, म्हणजे ज्याची मजुरी बुडेल असा कोणी वगळला जाणार नाही. सुचविलेल्या प्रत्येक कामाचा खर्च अभियंत्याने लिहून द्यावा. मतपत्रिकेवर बाटलीसारखीच चित्रे असावीत. गटार, नळ, संडास, कचऱ्याची गाडी. ज्या वस्तीत सोय मुळीच नाही तिच्या मागणीला अधिक वजन द्यावे. आणि वर्ष संपताना जेथे मत दिले तेथेच येऊन काम झाले की नाही हे सांगावे.

नगरपरिषद हे न करील तर? तर पहिला भाग आपण स्वतः करू शकतो. २००५ चा माहितीचा अधिकार आपल्या हाती आहे. प्रत्येक गल्लीतल्या चार माणसांनी आणि त्यांत किमान दोन बायांनी बसून आपल्या गल्लीचा तक्ता करावा. हिरवे किती, पिवळे किती, लाल किती. तो तक्ता चौकात लावावा. आमच्या संघटनेत एक रीत आहे. ज्याने वर्गणीची पावती वाचली तोच सभेत प्रश्न विचारतो. गावालाही हेच लागू आहे.

आपण घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो. जो भाड्याच्या खोलीत राहतो तो भाड्यातून भरतो. आणि जो काहीच भरीत नाही असे आपल्याला वाटते, तो काड्यापेटी घेतानाही कर भरतो. हा पैसा कोणाच्या मेहेरबानीचा नाही. या व्याख्यानाची निर्भर्त्सना करावयाची असेल तर जरूर करा. पण येथून घरी जाताना आपल्या गल्लीतल्या एका बाईला एवढे विचारा की, दिवसभरात ती पाणी पिते काय, आणि पीत नसेल तर का. तिचे उत्तर लिहून ठेवा. तक्त्याची पहिली ओळ तीच असेल.